मुलुंड ते मागाठाणे : थरावरचा विमा आणि थराखालची माणसे

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार. गोपाळकाल्याचा दिवस. रात्रीपासून पावसाने मुंबईला असे झोडपले होते की, मुलुंड स्टेशनात उभे राहिल्यावर समोरचा फलाटही धड दिसत नव्हता. विक्रोळी पार्कसाईटला दरड कोसळून दोन जीव गेल्याची बातमी सकाळीच कानावर आली होती. अशा दिवशी शहाण्या माणसाने घरात बसून कांदाभजी खावी. परंतु आम्ही छत्री उघडली आणि निघालो. सोबत कॉलेजात शिकणारी आमची मुलगी होती.

निघण्याचे कारण घाटकोपरला राहणारी आमची ताई. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, यंदा एका गोविंदा पथकात तिसऱ्या थरावर उभा राहणार होता. ताईने आठ दिवस आधीच फोनवर सांगितले होते, "तुला कागदपत्रातलं कळतं. याचं म्हणणं, विमा काढलाय, आता कसली काळजी? तू एकदा येऊन बघ, तो कागद काय म्हणतो ते."

वाचकहो, आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झाल्यापासून रकान्यात आकडे भरण्यात उमेद गेली. सुटीच्या दिवशी वस्तीतल्या कुणाचा पेन्शनचा अर्ज, कुणाचा विम्याचा दावा, कुणाचे हॉस्पिटलचे कागद लिहून द्यायचे, हा आमचा उद्योग. त्यामुळे इतर लोक दहीहंडी पाहायला जातात, आम्ही मात्र त्या दिवशी दहीहंडीचा विमा पाहायला निघालो. हा सण कुणाचा आणि आपण त्यात जावे की जाऊ नये, हा वाद आम्ही येथे उकरून काढणार नाही. आपल्या वस्त्यांतली पोरे त्या थरांवर आहेत, ही वस्तुस्थिती आहे. आणि हाड मोडले की ते कुठल्याही घरातले असो, सारखेच दुखते.

मुलुंडहून धीमी लोकल पकडली. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी करीत गाडी घाटकोपरला आली. डब्यात एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली वीस-पंचवीस पोरे होती. टी-शर्टाच्या पाठीवर पुढाऱ्याचा फोटो आणि पोटावर दुकानाची जाहिरात. नाव मात्र एकाचेही नाही. आमच्या मुलीने ते अचूक टिपले. म्हणाली, "पप्पा, पडल्यावर ओळखणार कसे?"

ताईच्या घरी भाचा तयारीतच होता. चहा होईस्तोवर त्याने मोबाईलवर यादी दाखवली. पथकाचे नाव, गोविंदाचे नाव, वय, आधार क्रमांक, वारसाचे नाव. आम्ही चष्मा पुसून वाचू लागलो.

राज्य शासनाने २०२३ साली ५०,००० गोविंदांचा विमा काढला. माणशी हप्ता ७५ रुपये. म्हणजे एकूण ३७ लाख ५० हजार. २०२४ ला ही संख्या ७५,००० झाली आणि २०२५ ला दीड लाख. पंच्याहत्तर गुणिले दीड लाख, १ कोटी साडेबारा लाख रुपये. मोबदल्यात काय मिळते? मृत्यू आल्यास वारसाला १० लाख. दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेल्यास १० लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास ५ लाख. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख. आणि दवाखान्याचा खर्च १ लाखापर्यंत. पंच्याहत्तर रुपयांत, म्हणजे दोन माणसांच्या चहा-वडापावच्या किमतीत, एवढे संरक्षण मिळत असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही. एके काळी पथके आपापसांत वर्गणी काढून विमा काढत, किंवा काढतच नसत. त्या मानाने हे पुढचे पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे.

भाचा म्हणाला, "बघितलंस मामा? आता बोल."

आम्ही म्हणालो, "कागद चांगला आहे. पण हा कागद फक्त तुझा आहे. तू ज्याच्या अंगावर पडशील, त्याचा कोणता?"

त्याला प्रश्न कळला नाही. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत तो आम्हालाही कळला नव्हता. कसा कळला, ते पुढे सांगतो.

पाऊस थोडा उणावला तसे आम्ही बाप-लेक बाहेर पडलो. भाचा त्याच्या पथकाच्या ट्रककडे गेला. ताई दारात उभी राहिली. तिच्या तोंडावरची काळजी १० लाखांच्या आकड्याने काही कमी झालेली दिसली नाही.

घाटकोपर म्हटले की अलीकडे आम्हाला छेडा नगरचा तो फलक आठवतो. १३ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात तो अजस्र जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. त्या माणसांचा त्या फलकाशी काय संबंध? कुणी पेट्रोल भरायला आले होते, कुणी पावसाच्या आडोशाला उभे होते. फलकावरची जाहिरात त्यांच्यासाठी नव्हती की त्याच्या भाड्याचा पैसाही त्यांच्या खिशात जात नव्हता. त्यांचा दोष एवढाच की ते खाली होते. मृतांच्या वारसांना शासनाने ५ लाख रुपये जाहीर केले. ती मदत होती. मदत आणि हक्काची भरपाई यांत फरक आहे. मदत देणाऱ्याच्या मनावर असते. भरपाई घेणाऱ्याच्या कागदावर असते.

घाटकोपरहून मेट्रोत बसलो. ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ ला सुरू झाली. जागृती नगर सोडले की असल्फ्याच्या टेकडीवरची रंगीबेरंगी घरे दिसू लागतात. त्या दिवशी पावसात त्यांचे रंग अधिकच उठून दिसत होते. खाली चिंचोळ्या गल्ल्यांतून दोन इमारतींच्या मध्ये दोर बांधून हंड्या टांगलेल्या. गल्ली बारा फूट रुंद आणि हंडी तीस फूट उंच. वरून पाहताना मुलीने विचारले, "यातली एखादी मुलं खाली पडली तर पडायला जागा तरी कुठे आहे?"

जागा नसते. म्हणूनच ती माणसांवर पडतात. आणि आता ती गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याच मुलुंडच्या वस्तीतली पोरे संध्याकाळी गल्लीत सराव करीत होती. पाच थरांचा सराव. त्यांच्या विम्याची यादी आम्हीच लिहून दिली होती, आमच्याच अक्षरात, एकही खाडाखोड न करता. पॉलिसीत सरावाचे दिवस धरले आहेत की नाहीत, हेही आम्ही विचारून घेतले होते आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानच होता. गल्लीच्या तोंडाशी एक मावशी गोणपाटावर कोथिंबीर, लिंबू, आले घेऊन बसत असे. पंधरा वर्षे तीच जागा. त्या दिवशी तळाच्या थरातल्या एकाचा पाय चिखलावर सरकला. थर मधूनच दुमडला. वरचा मुलगा बाजूला फेकला गेला तो नेमका मावशीच्या अंगावर.

मुलाचे गळपट्टीचे हाड मोडले. मावशीचा खुबा मोडला.

दोघांनाही एकाच रिक्षातून नेले. एकाच वॉर्डात दाखल केले. पुढे मुलाचे कागद आम्ही जमवले. डिस्चार्ज कार्ड, बिले, डॉक्टरांचा दाखला, पोलीस ठाण्यातली नोंद, पथकाचे पत्र. अडीच महिन्यांनी का होईना, पैसे आले. पोराच्या आईने आम्हाला पेढे दिले. मावशीच्या कागदांचेही तसेच एक पाकीट आम्ही तयार केले होते. ते घेऊन गेलो तर समोरच्या गृहस्थाने यादीवरून बोट फिरवले आणि विचारले, "यात यांचं नाव कुठाय?"

नाव नव्हते. असणार तरी कसे? ती काही गोविंदा नव्हती. त्या गृहस्थाची चूक होती असे आम्ही म्हणत नाही. करार जसा होता तसा तो बोलला. आम्ही ते पाकीट परत घेऊन आलो आणि मावशीला सांगितले. ती खाटेवर पडून होती. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भाऊ, त्या कागदावर माझं नाव लिवायला जागा न्हवती का?"

वस्तीने वर्गणी काढली. मंडळाच्या पोरांनीही आपल्या परीने दिले, ते नाकारता येणार नाही. पण शस्त्रक्रियेनंतर मावशीला मांडी घालून बसता येईना, आणि जिला खाली बसता येत नाही ती गोणपाटावर धंदा कसा करणार? जागा गेली. आता ती घरी बसून एका हॉटेलवाल्याला लसूण सोलून देते. एवढे सगळे झाले आणि यात कायद्याने गुन्हेगार शोधायचा तर तो एक चिखल!

मेट्रोत ही गोष्ट मुलीला सांगत असताना वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशन आले. अंधेरीचे हे टोक. येथून पादचारी पुलाने गुंदवली स्टेशनात जाता येते आणि तेथून दहिसरकडे जाणारी दुसरी मेट्रो मिळते. पुलावर उभे राहून आम्ही खालचा हमरस्ता पाहिला. ट्रकमागून ट्रक, आणि मोटारसायकलींचे थवेच्या थवे. एकेका गाडीवर तिघे, डोक्याला हेल्मेट नाही, हातात झेंडा. मुलीने विचारले, "यांच्या बाईकचा विमा असेल का हो?"

आम्ही म्हणालो, "असलाच पाहिजे. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. १९३९ च्या मोटार कायद्यात ती तरतूद होती आणि आजच्या १९८८ च्या कायद्याच्या १४६ कलमातही आहे. स्वतःच्या गाडीचा विमा काढा अगर काढू नका, पण रस्त्यावरच्या माणसाला आपल्यामुळे इजा झाली तर त्याला भरपाई मिळेल असा विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही."

ती म्हणाली, "मग थराला थर्ड पार्टी का नाही?"

आम्ही गप्प झालो. इतकी वर्षे कागद भरून जे आमच्या डोक्यात शिरले नव्हते, ते पोरीने एका वाक्यात मांडले. साधी स्कूटर रस्त्यावर आणायची तर परक्या माणसाचा विचार आधी करावा लागतो. शंभर-दीडशे माणसांचा चाळीस फुटी मनोरा भर रस्त्यात उभा करायचा तर मात्र फक्त मनोऱ्यावरच्यांचा विचार पुरतो!

येथे दोन विम्यांतला फरक सांगितला पाहिजे, कारण वस्तीतले शिकलेले लोकही त्यात गोंधळतात. आपण जिना उतरताना पडलो आणि आपल्या पॉलिसीतून आपल्याला पैसे मिळाले, तर तो व्यक्तिगत अपघात विमा. चूक कुणाची हे त्यात सहसा पाहत नाहीत; यादीत नाव आणि अपघात खरा, एवढे पुरते. परंतु आपल्या गॅलरीतली कुंडी खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडली, तर त्याची भरपाई आपण देणे लागतो. ते देणे आपल्या वतीने विमा कंपनीने भरावे म्हणून जो विमा काढतात, तो दायित्व विमा. त्यात जखमी माणसाचे नाव आधी लिहावे लागत नाही. लिहिताच येणार नाही, कारण खालून कोण जाणार आहे हे कुणाला ठाऊक असते? मावशीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. तिचे नाव लिहायला जागा नव्हती, कारण जो कागद आम्ही भरला तोच मुळी वेगळा होता. ज्या कागदात तिला नावाशिवाय जागा मिळाली असती, तो कुणी काढलाच नव्हता.

आपल्या देशात लोकांसाठी म्हणून दायित्व विम्याचा एक स्वतंत्र कायदा आहे, १९९१ चा. पण तो भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर झाला आणि घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांपुरता आहे. सणासुदीला रस्त्यावर भरणाऱ्या कार्यक्रमांना तो लागू होत नाही. तेथे काढला तर विमा, नाही तर दिवाणी कोर्टाची पायरी. कोथिंबीर विकणारी बाई दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे तारखा घेत बसेल काय?

गुंदवलीहून मेट्रो जोगेश्वरीला आली. जोगेश्वरी ही या खेळाची पंढरीच म्हणायची. २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटर उंचीचा गिनीज विक्रम करणारे जय जवान पथक इथले. आणि ज्या दिवशी आम्ही हा प्रवास करीत होतो, त्याच दिवशी ठाण्यात दहा थर रचणारे कोकण नगर पथकही इथलेच. आठवड्याला एक सुटी मिळणारे, कारखान्यात, दुकानात, कुरिअरच्या नोकरीत राबणारे तरुण रात्री उशिरापर्यंत सराव करतात. त्यांची शिस्त, एकमेकांच्या खांद्यावरचा विश्वास आम्ही जवळून पाहिला आहे. त्याला नावे ठेवण्याचे आम्हाला कारण नाही. शासनाने २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. ठीक आहे. पण साहसी खेळ म्हटला की त्याची जोखीम कोण घेतो आणि कुणावर लादली जाते, हेही पाहावे लागते. थरावर चढणारा जोखीम स्वतःहून घेतो. मावशीने ती घेतली नव्हती.

न्यायालयांनीही हा विषय हाताळला आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंची २० फुटांवर बांधली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन घातले नाही. १४ वर्षांखालील मुलांना थरावर चढू देणार नाही, ही शासनाची हमी मात्र नोंदली गेली. एवढे होऊनही, आम्ही निघालो त्याच्या सहाच दिवस आधी, १० ऑगस्ट २०२५ ला, दहिसरला सराव करताना थरावरून पडून अकरा वर्षांचा मुलगा दगावला. अकरा वर्षांचा! ज्याला थरावर चढवणेच नियमाबाहेर, त्याचे नाव कुठल्या विम्याच्या यादीत घालणार? नियम मोडून काढलेला विमा अडचणीच्या वेळी उभा राहत नाही, हे आईबापांनी मनाशी पक्के केले पाहिजे. वरच्या थराला हलके पोर लागते म्हणून कुणी दारात आले, तर "आमचा पोरगा शाळेत जातो" एवढे उत्तर पुरे आहे.

दिंडोशी, कुरार, आकुर्ली, पोयसर करीत आम्ही मागाठाण्याला उतरलो. बोरिवली पूर्वेचा हा भाग. ज्या मागाठाण्यात जुनी बौद्ध लेणी आहेत तेच हे, पण आज लेणी शोधायला लागतात आणि हंडी दुरूनच ऐकू येते. आवाजाने छातीत धडधड व्हावी असे भोंगे. क्रेनला टांगलेली हंडी, बक्षिसाचे आकडे लिहिलेले फलक, व्यासपीठावर पाहुणे. वरच्या थरावरच्या मुलाला हेल्मेट होते, कमरेला पट्टा होता आणि तो पट्टा वरून दोराला जोडलेला होता. रुग्णवाहिकाही उभी होती. मोठ्या हंड्यांवर आता ही व्यवस्था दिसते आणि ती चांगली आहे.

आम्ही मात्र वर पाहण्याऐवजी खाली पाहत होतो. सवय झाली आहे. थरांच्या वर्तुळापासून चार हातांवर एक चणेवाला टोपली घेऊन उभा. एक बाई कडेवर मूल घेऊन फुगे विकत होती. पालिकेचे दोन सफाई कामगार झाडू टेकवून थांबलेले, कारण गर्दी पांगली की फुटक्या मडक्यांचे तुकडे त्यांनाच उचलायचे होते. भोंग्यांच्या वायरीवर प्लास्टिक धरून बसलेला एक पोरगा. बंदोबस्ताच्या पोलीस भगिनी. यातल्या कितींची नावे यादीत होती? सातवा थर उभा राहू लागला तशी गर्दी मागे रेटली गेली आणि फुगेवाली पुढे ढकलली गेली. थर डळमळला. आम्ही मुलीचा हात घट्ट धरला. त्या पोरांनी शर्थ केली, एकेक करून सुखरूप खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुगेवालीने मूल दुसऱ्या कडेवर घेतले आणि पुन्हा फुगे विकू लागली.

त्या गर्दीत आम्ही आयोजकांच्या एका कार्यकर्त्याला गाठले. तरुण मुलगा, बोलण्यात नम्र. विचारले, "गोविंदांचा विमा आहे, हे ठाऊक आहे. बघ्यांचा, फेरीवाल्यांचा आहे काय?" तो म्हणाला, "काका, असा पण विमा असतो? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आम्हाला ते खरे वाटले. असा विमा कुणी नाकारला असे नाही. तो कुणी मागितलेलाच नाही.

असतो, बंधूंनो, असा विमा असतो आणि मुंबईतच काढला जातो. किंग्ज सर्कलच्या जी. एस. बी. सेवा मंडळाने २०२५ च्या गणेशोत्सवासाठी ४७४ कोटी ४६ लाखांचा विमा काढला. वर्तमानपत्रांनी सोन्या-चांदीच्या दागिन्यांचा ६७ कोटींचा आकडा ठळक छापला. परंतु त्याच विम्यात स्वयंसेवक, आचारी, सेवेकरी, सुरक्षारक्षक यांचा अपघात विमा होता आणि मंडपात येणाऱ्या लोकांसाठी ३० कोटींचा सार्वजनिक दायित्व विमाही होता. मंडळ श्रीमंत आहे म्हणून त्यांना जमते, असे कुणी म्हणेल. दागिन्यांचा विमा काढायला श्रीमंती लागते हे खरे. पण एका दिवसाच्या कार्यक्रमाचा दायित्व विमा काढायला दागिने लागत नाहीत. ज्या हंडीवर लाखांची बक्षिसे लागतात, तिच्या खर्चात हा हप्ता बसत नाही असे कुणी म्हणू नये.

बाहेरच्या जगाकडेही पाहू. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात आपल्यासारखेच मानवी मनोरे रचतात. २०१० साली युनेस्कोने त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. तेथील पथकांनी १९८९ साली आपली समन्वय संघटना उभी केली, ती कशासाठी? सगळ्यांचा मिळून एक विमा काढता यावा, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पुढे २००६ साली मातारो गावच्या पथकातली बारा वर्षांची मुलगी पडून दगावली, तेव्हा त्यांनी वर चढणाऱ्या मुलांना हेल्मेट घातले. तिकडे समुद्रावर आणखी एक खेळ आहे. मोठ्या पतंगाला स्वतःला जोडून घ्यायचे आणि वाऱ्याच्या ओढीने फळीवरून पाण्यावर धावायचे. हौसेचा खेळ, पण पतंगाची दोरी किंवा फळी किनाऱ्यावरच्या माणसाला लागली तर मोठी इजा होते. ब्रिटनमध्ये या खेळाडूंच्या संघटनेचे सभासद झाले की परक्याला झालेल्या इजेच्या भरपाईचा विमा सभासदत्वाबरोबरच मिळतो. हौस तुमची, तर तिची झळ लागणाऱ्याची जबाबदारीही तुमची, इतका साधा न्याय त्यात आहे.

परतीच्या वाटेवर ताईचा फोन आला. भाचा सुखरूप होता. गुडघा खरचटला होता, बाकी काही नाही. आम्ही दोघांनी श्वास सोडला. परंतु रात्री बातमी कळली ती मानखुर्दची. हंडीचा दोर बांधताना बत्तीस वर्षांचा एक तरुण पडला आणि गेला. तो थरावर नव्हता. हंडी बांधणारा होता. ज्याच्या दोरावर सगळा खेळ टांगलेला असतो, त्याची गणना आपण कुणात करतो? गोविंदात की बघ्यात? मावशीनंतर आम्हाला हा दुसरा माणूस दिसला, ज्याच्यासाठी रकाना कोणता हे आधी ठरवायला हवे.

त्या रात्री आम्ही एक अर्ज लिहायला घेतला आणि चार दिवसांनी पुरा केला. त्यात मागणी एकच आहे. मैदानात किंवा रस्त्यावर हंडी बांधण्याची परवानगी देताना आयोजकाकडून सार्वजनिक दायित्व विम्याची प्रत घ्यावी. हंडी बांधणारे, वायरमन, सफाई कामगार, स्वयंसेवक यांचा अपघात विमा त्यातच असावा. गोविंदांचे ७५ रुपये शासन भरते, ते भरू द्या. पण खालच्या माणसाची जबाबदारी ज्याने हंडी टांगली त्याची. वाचकांपैकी जे मंडळांत, सोसायट्यांत, वॉर्ड समित्यांत काम करतात, त्यांनी आपल्या भागात हा अर्ज आपल्या शब्दांत जरूर द्यावा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर घरोघरी करण्याजोग्या गोष्टी आहेत. पोरगा पथकात जात असेल तर यादीत त्याचे नाव आणि वय बरोबर आहे की नाही, वारस म्हणून आईचे नाव आहे की नाही, पॉलिसी सरावाच्या दिवसांना लागू आहे की नाही, हे आधी पाहा. रस्त्यावर धंदा करणाऱ्या आपल्या माता-भगिनींनी बँकेत खाते असल्यास प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्यावी. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. त्यातून दवाखान्याचे बिल मिळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. शिधापत्रिका नीट असू द्यावी, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराची सोय पाहता येते. आणि अपघात झाला तर भांडण मिटवण्याच्या घाईत पोलीस नोंद राहू देऊ नका. कागद नसला की खरे दुःखही खोटे ठरते, हे आम्ही या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

अर्ज पुरा झाला तेव्हा तो घेऊन आम्ही मावशीकडे गेलो. तिला वाचता येत नाही, म्हणून मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. मावशीचे हात लसूण सोलीतच होते. वाचून झाल्यावर तिने विचारले, "यात माझं नाव हाय का?"

मुलगी म्हणाली, "नाही मावशी. या कागदाला नाव लागत नाही. खाली जो असेल, तो यात आहे."

मावशीने मान हलवली. हात पुसला आणि म्हणाली, "मग अंगठा कुठं लावू ते सांग."